कोकणातल्या चढउतारांवर हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवावं

हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, घेतली की सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष एकाच हिरव्या दिव्यावर असतं: गाडी बॅटरीवर चालतेय की नाही. तो दिवा विझू नये म्हणून लोक मोकळ्या रस्त्यावरही पंचवीसच्या वेगाने रांगतात, मागे एसटी हॉर्न वाजवत राहते, आणि पंपावर टाकी भरताना हिशोब काही जमत नाही. कारण सरळ आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक हायब्रिड गाड्या चार्जरला जोडता येत नाहीत. बॅटरीत जे काही आहे ते सगळं पेट्रोलमधूनच आलेलं असतं. बॅटरीचा खरा उपयोग एवढाच, की ब्रेक मारताना आणि उतारावर जे फुकट गेलं असतं त्यातलं थोडं साठवून पुढच्या चढाला वापरता येतं.

म्हणून या लेखात माझा भर ॲक्सिलरेटरपेक्षा ब्रेकच्या पायावर आहे. कोकणात तो जास्तच कामाला येतो. सागरी महामार्ग घ्या, नाहीतर हातखंब्यावरून रत्नागिरीकडे वळा, सलग सपाट रस्ता मिळणं विरळाच. सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या जांभ्याच्या पठारावरून, खाडीकडे उतार, खाडीवरचा पूल, पुन्हा चढ, मग वाडीतला गतिरोधक, मग वळण. साध्या पेट्रोल गाडीला हा रस्ता महागात पडतो. हायब्रिडला तो मानवतो, पण उतार नीट वापरले तरच.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते पाहा

डिकीच्या दारावर ‘हायब्रिड’ लिहिलं म्हणजे सगळ्या गाड्या सारख्या नाहीत. माइल्ड हायब्रिडमध्ये बहुधा १२ व्होल्टच्या यंत्रणेवर चालणारा छोटा स्टार्टर-जनरेटर असतो. तो थांबलेलं इंजिन पटकन सुरू करतो आणि पिकअपला हलका हात देतो, पण एकट्याच्या बळावर चाकं फिरवत नाही. मारुतीची ‘स्मार्ट हायब्रिड’ ही त्यातली. स्ट्राँग हायब्रिडमध्ये वेगळी मोठी बॅटरी आणि चाकं ओढू शकणारी मोटर असते. टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, मारुतीची इन्व्हिक्टो, होंडाची सिटी ई:एचईव्ही या स्ट्राँग हायब्रिड म्हणून ओळखल्या जातात. ग्रँड विटारा आणि हायरायडर ही नावं मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा सेकंडहँड घेताना व्हेरियंट नीट विचारून घ्या.

माइल्ड हायब्रिडवाल्यांना या लेखातले टायर, वेग, अंतर आणि लवकर पाय उचलणं हे भाग पूर्ण लागू आहेत. बॅटरीवरचा भाग त्यांनी सोडून द्यावा.

बॅटरी केवढी आणि उतार केवढा

हे एक गणित समजलं की बाकीचं आपोआप सुचायला लागतं.

हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी साधारण पाऊण युनिटची आहे. युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलातलं तेच युनिट. ही पाऊण युनिटही पूर्ण वापरायला मिळत नाही. बॅटरी टिकावी म्हणून गाडीचा संगणक ती पार रिकामीही होऊ देत नाही आणि काठोकाठही भरू देत नाही. हातात राहतं ते साधारण निम्मं.

आता माणसं आणि सामान धरून १६०० किलोची गाडी शंभर मीटर उंची उतरली, तर त्या उताराची ऊर्जा भरते सुमारे ०.४३ युनिट. त्यातलं काही टायर आणि वाऱ्याशी झगडण्यात जातं, काही वीज बनवताना जातं. उरलेलं बॅटरीत मावतं. म्हणजे सड्यावरून खाडीपर्यंतचा उतार या छोट्या बॅटरीच्या मापाचाच आहे.

सह्याद्रीचा घाट मात्र तसा नाही. आंबोली गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथून सावंतवाडीकडे उतरताना सहाशे मीटरच्या आसपास उंची कमी होते. तीच १६०० किलोची गाडी धरली तर ऊर्जा अडीच युनिटांवर जाते. पाऊण युनिटच्या बॅटरीत ती मावणार कुठे? पागोळीखाली कळशी ठेवावी तशी ती पहिल्या काही वळणांतच भरते आणि पुढचं सगळं अंगणात वाहून जातं.

म्हणून छोट्या उतारांवर जमेल तेवढं साठवायचं आणि मोठ्या घाटात बॅटरी भरल्यावर गाडी सुखरूप खाली आणायची. ही दोन वेगळी कामं आहेत. एकाची रीत दुसऱ्याला लावली की पेट्रोलही जातं आणि ब्रेकही तापतात.

घरातून निघण्याआधी

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना पाहा. हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तिथे बहुधा वेगळा आकडा दिलेला असतो. गणपतीला किंवा मे महिन्यात पाच माणसं आणि सामान घेऊन निघताना तो दुसरा आकडा वापरायचा. पंपावरच्या मुलाला ‘तीस टाक’ म्हणून सोडून देऊ नका. कमी हवेचा टायर उतारावर गाडीला मागे खेचत राहतो, आणि त्याने खाल्लेली ऊर्जा बॅटरीपर्यंत पोचतच नाही.

टपावरचं कॅरिअर नको असेल तेव्हा काढून ठेवा. परतीच्या प्रवासात आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं, सोललेले नारळ असं बरंच काही चढतं. ते शक्यतो डिकीत बसवा. वजन डिकीत असलं तर चढाला भोवतं, टपावर असलं तर चढाला भोवतंच, वर वाराही अडवतं.

सामान लावताना एक गोष्ट आवर्जून पाहा. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवण्यासाठी आतलीच हवा ओढून घेतात आणि तिची जाळी मागच्या सीटजवळ किंवा डिकीच्या बाजूला असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे ते पुस्तिकेत शोधा. त्या जाळीवर चादर, पिशवी किंवा समुद्रावरून आलेले ओले टॉवेल येऊ देऊ नका. हवा कोंडली की बॅटरी तापते. तापलेली बॅटरी पूर्ण ताकदीने चार्ज होत नाही आणि पूर्ण ताकदीने सोडतही नाही, मग इंजिन जास्त वेळ चालतं. जांभ्याची लाल धूळ आणि वाळू या जाळीत बसते, तेव्हा सर्व्हिसिंगला ती साफ करायला सांगावी. आपणहून सगळेच करतात असं नाही.

पहिले दोन-तीन किलोमीटर

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केली की बॅटरी भरलेली असली तरी इंजिन चालू होतं. इंजिनाला आणि धुराड्यातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ठरावीक तापमान गाठायचं असतं. तोवर गाडी पेट्रोल जास्त घेते. दारात उभी करून गरम करत बसू नका. बसा, पट्टा लावा, निघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा.

सकाळी बाजार, दुपारी बँक, संध्याकाळी मुलांना क्लासला सोडणं, असे तीन वेगवेगळे छोटे फेरे मारले की तिन्ही वेळा इंजिन थंड. तीच कामं एका फेरीत जोडली की एकदाच तापवावं लागतं. गावातल्या गावात चालणाऱ्या हायब्रिडचं ॲव्हरेज पडण्याचं हे मोठं कारण आहे, आणि कितीही नाजूक चालवलं तरी ते दुसऱ्या मार्गाने भरून निघत नाही.

ब्रेकचा पाय

समोरच्या पॅनेलवर बहुतेक हायब्रिडमध्ये तीन भागांचा मीटर असतो: खाली चार्ज, मध्ये इको, वर पॉवर. पहिले पंधरा दिवस बाकी सगळे ग्राफ आणि पानं विसरा आणि ही एक सुई कशी हलते तेवढं पाहा. अर्थात रस्त्यावर नजर ठेवून. सोबत कोणी असेल तर त्याला सुई वाचायला बसवा.

ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला की सुई चार्जमध्ये थोडी उतरते. ब्रेक अगदी हलका दाबला की आणखी उतरते. इथपर्यंत गाडी मोटरच वापरून थांबते आहे, मोटर जनरेटर झालेली आहे, आणि वीज बॅटरीत जाते आहे. ब्रेक आणखी जोरात दाबला की सुई चार्जच्या तळाला टेकते, आणि त्यापुढचं काम ब्रेक पॅड करतात. तेवढी ऊर्जा उष्णता होऊन गेली. अगदी कमी वेगाला, चालण्याच्या वेगाजवळ आलं, की गाडी पॅडनेच थांबते. त्याला इलाज नाही.

सराव असा करा. समोर गतिरोधक, तिठा किंवा एसटीचा थांबा दिसला की तिथपर्यंत ॲक्सिलरेटर देत जाऊन शेवटी ब्रेक मारण्याऐवजी दीड-दोनशे मीटर आधीच पाय उचला. मग ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवा, म्हणजे सुई चार्जच्या मध्यावर राहील. दाब वाढवायचा तर हळूहळू. बरोबर जमलं तर गतिरोधकाशी पोचेपर्यंत गाडी पंधरा-वीसच्या वेगाला आलेली असते आणि मागच्या सीटवरच्या माणसाची झोप मोडत नाही.

दुसरी अर्धी गोष्ट लोक विसरतात. चाकातून बॅटरीत आणि बॅटरीतून परत चाकात, या फेऱ्यात साधारण तिसरा हिस्सा तरी वाटेत गळतो. म्हणून थांबायचंच नसेल तिथे चार्ज करत बसू नये. समोर रस्ता मोकळा असेल आणि वेग फक्त टिकवायचा असेल, तर पाय पूर्ण उचलण्याऐवजी ॲक्सिलरेटरवर इतका हलका ठेवा की सुई चार्ज आणि इकोच्या मधोमध, शून्यावर उभी राहील. पॅनेलवर ऊर्जा कुठून कुठे जाते ते दाखवणाऱ्या चित्रातले बाण नाहीसे होतात किंवा अगदी थोडे उरतात. गाडी घरंगळत जाते, इंजिन बंद, मोटरवरही भार नाही. थांबायचं असेल तर चार्ज, थांबायचं नसेल तर घरंगळणं: हा भेद पायात मुरला की ॲव्हरेजमध्ये फरक दिसतो.

एसटीच्या किंवा टेम्पोच्या बुडाला लागून चालवलं तर हे सगळं अशक्य होतं. ती थांब्यावर थांबली की तुम्हीही थांबता, ती सुटली की तुम्हीही शून्यातून पिकअप घेता. पुरेसं अंतर ठेवलं की ती प्रवासी घेईपर्यंत तुम्ही घरंगळत असता आणि ती निघाली की तुमची गाडी अजून चालतीच असते. कोकणातल्या अरुंद रस्त्यावर ओव्हरटेकची घाई केल्याने मिळणारी मिनिटं पुढच्या वाडीत परत जातातच.

पिकअप घेताना

थांबलेली गाडी हलवायला पहिला झटका मोटरला देऊ द्या. तिचं ते कामच आहे. पण त्यानंतर अंड्यावर पाय ठेवल्यासारखं वागण्याची गरज नाही. इको भागाच्या वरच्या अर्ध्यात सुई ठेवून गाडी रस्त्याच्या वेगाला आणा, इंजिन सुरू झालं तर होऊ द्या. या इंजिनांची रचना मध्यम भारावर कमीत कमी पेट्रोलमध्ये काम करण्यासाठी केलेली असते. वेग आला की पाय सैल करा. इंजिन बंद होईल आणि गाडी वेग सांभाळेल. ईव्हीचं, म्हणजे गाडी फक्त बॅटरीवर चालवायचं, बटण दाबून जबरदस्तीने बॅटरी संपवली तर पुढे इंजिनला गाडीही ओढावी लागते आणि बॅटरीही भरावी लागते. ते बटण पहाटे वाडीतून आवाज न करता निघायला किंवा गाडी अंगणातून खळ्यापाशी हलवायला ठीक आहे.

सडा, खाडी, पुन्हा सडा

गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीला जाणारा रस्ता सरावाला उत्तम. डोंगराच्या कडेने वर जातो, समुद्र दिसतो न दिसतो तोच खाली उतरतो, पुन्हा वर. हाच नमुना सगळ्या किनारपट्टीवर भेटतो, म्हणून इथे जरा तपशिलात जातो.

सड्यावर असताना, उतार सुरू होण्याच्या थोडं आधी ॲक्सिलरेटर सोडा. चढ संपायच्या आधीच पाय सैल केला तरी गाडी स्वतःच्या वेगावर माथा ओलांडते. माथ्यावर वेग थोडा कमी असला तर काही बिघडत नाही, उतार तो परत देणार आहे. लोक नेमके इथे पेट्रोल घालवतात: माथ्यावर साठचा वेग घेतात आणि पन्नास मीटरवर वळणासाठी ब्रेक मारतात.

उतारावर ब्रेक हलका पण सलग ठेवा. वेग वाढू द्यायचा आणि वळण आलं की दाबायचा, असं केलं तर प्रत्येक वळणाला पॅड घासतात. आधीपासून हलका दाब ठेवला तर तीच ऊर्जा सावकाश बॅटरीत जाते. बॅटरीत एका वेळी किती वीज जाऊ शकते यालाही मर्यादा आहे. सावकाश दिलेलं ती घेते, एकदम दिलेलं नाकारते.

शेवटचं वळण ओलांडून पूल दिसला, समोर कोणी नाही आणि रस्ता कोरडा आहे, की ब्रेक सोडा. आता चार्ज नको, आता गती हवी. खाडीच्या पुलावरून ती गती पलीकडच्या चढाच्या पायथ्यापर्यंत घेऊन जा. चढाला लागल्यावर ॲक्सिलरेटर एका जागी स्थिर ठेवा. वेग पाच-सात किलोमीटरने कमी झाला तर होऊ द्या, तो राखण्यासाठी पाय आणखी रुतवू नका. इथे मोटर आणि इंजिन दोघं मिळून ओढतात आणि उतारावर साठवलेलं बरोबर इथे खर्ची पडतं. माथ्यावर पोचताना बॅटरी बरीच खाली आलेली दिसली तर घाबरू नका. पुढच्या उताराला रिकामी जागा हवीच आहे.

मोठा घाट चढताना

कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली, ताम्हिणी. इथे हायब्रिडचं नवखेपण भोवतं ते आवाजामुळे. गाडीचा वेग चाळीस आणि इंजिन मात्र किंचाळतंय, असं वाटून नवा चालक पाय उचलतो, गाडी मरगळते, मग पुन्हा दाबतो. या गाड्यांत नेहमीचे गिअर नसतात. टोयोटा आणि मारुतीच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन, जनरेटर आणि मोटर ग्रहीय गिअरने एकमेकांना जोडलेले असतात आणि इंजिनचे फेरे चाकांच्या वेगाला बांधलेले नसतात. होंडा सिटीत कमी वेगाला इंजिन बहुतांशी जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर ओढते. म्हणून तो आवाज बिघाडाचा नव्हे. पाय स्थिर ठेवा आणि इंजिनला काम करू द्या.

समोर लाकडाचा किंवा चिऱ्याचा ट्रक असेल तर बरंच मागे राहा. चढावर पूर्ण थांबून पुन्हा निघणं हे घाटातलं सगळ्यात खर्चिक काम. उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा वाहतुकीचा नियमच आहे.

घाटात एसी बंद करून घामाघूम होण्यात अर्थ नाही. भरलेली गाडी चढवायला लागणाऱ्या शक्तीपुढे एसीची शक्ती अगदी थोडी असते. तो २५-२६ वर ठेवला की पुरे.

मोठा घाट उतरताना

उतरण सुरू होण्याआधी बॅटरीत जागा करा. वर पठारावर, गावातून जाताना, घाटमाथ्यावरच्या सपाटीवर गाडीला बॅटरीवर चालू द्या. ईव्ही बटणाचा मला पटलेला हा एक खरा उपयोग. भरलेली बॅटरी घेऊन उतरायला लागलात तर उतारातलं काहीच हाती लागत नाही.

पहिली वळणं डी मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्येच, वर सांगितलेल्या हलक्या सलग ब्रेकने उतरा. बॅटरीचे दांडे भरत आले की गाडीचं वागणं बदलतं: कधी इंजिन पेट्रोल न जाळता नुसतं फिरू लागतं, कधी ब्रेकचा दाब थोडा वेगळा लागतो. आता मोटर वीज घेऊ शकत नाही, म्हणून सगळा भार पॅडवर येणार. इथे गिअरचा दांडा बी वर आणा. बी मध्ये इंजिनचा अडथळा वाढतो आणि गाडी आपणहून आवरली जाते. काही गाड्यांत बी नसतो, त्याऐवजी एस किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल असतात. पुस्तिका पाहून घ्या.

बी मध्ये कायम चालवलं तर चार्जिंग जास्त होतं, असा एक समज आहे. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये तो खरा नाही. हलक्या ब्रेकने डी मध्येही मोटर तेवढीच वीज पकडते. उलट बी मध्ये काही ऊर्जा इंजिन फिरवण्यात जाते. तेव्हा सागरी रस्त्यावरच्या छोट्या उतारांना डी, आणि घाटात बॅटरी भरल्यावर बी.

न्यूट्रल कधीही नाही. जुन्या डिझेल गाड्यांच्या सवयीने काही जण उतारावर न्यूट्रल करतात. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी चार्ज होत नाही, इंजिनचा अडथळाही मिळत नाही, आणि घाटात सगळी मदार ब्रेकवर येते. पेट्रोल वाचत नाही आणि जीव धोक्यात जातो.

चौपदरी महामार्गावर

इथे सांगण्यासारखं थोडं आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे मोकळे पट्टे लागले की हायब्रिडचा फायदा कमी होतो, कारण ब्रेक नाहीत, उतार सौम्य, आणि वारा अडवायला पुढे उभा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. चिपळूणहून कणकवलीला जाताना ८०-८५ ने पोचायला थोडा वेळ जास्त लागेल, पण पेट्रोलमधला फरक कोणत्याही तंत्रापेक्षा मोठा असेल. क्रूझ कंट्रोल सपाटीवर लावा, चढउतारात बंद करा, तो माथ्यावरही वेग राखायला पेट्रोल ओततो. कशेडी घाटाऐवजी बोगदा उपलब्ध असेल तर बोगद्यानेच जा. काचा साठपर्यंत उघड्या चालतील, त्यापुढे बंद करून एसी बरा.

फेरीबोटी विसरू नका

सगळ्यात स्वस्त किलोमीटर म्हणजे न चालवलेला. दापोलीहून गुहागरला दाभोळ-धोपावे, गुहागरहून रत्नागिरीकडे तवसाळ-जयगड, मंडणगडहून श्रीवर्धनकडे वेश्वी-बागमांडले, मुरुडहून दिवेआगरकडे आगरदांडा-दिघी. खाडीला वळसा घालणारा रस्ता टळतो. पावसात आणि उधाणाला वेळा बदलतात, आधी चौकशी करा.

जेटीवर रांगेत उभं असताना गाडी पी (पार्किंग) मध्ये ठेवा, एन (न्यूट्रल) मध्ये नको. एसी चालू ठेवून बराच वेळ थांबलात तर बॅटरी उतरते आणि ती भरायला इंजिन मधूनमधून आपोआप सुरू होतं. थांबा लांबणार असेल तर गाडी पूर्ण बंद करून सावलीत उभे राहा. बोटीवर चढल्यावर तर गाडी चालू असल्याचा ‘रेडी’चा दिवा विझलाय याची खात्री करूनच उतरा, गाडी गप्प आहे म्हणजे बंद आहे असं नसतं.

ऊन, पाऊस, खारी हवा

मे महिन्यात किनाऱ्यावर तीन तास उन्हात राहिलेली गाडी लगेच नीट चार्ज घेत नाही. सावली शोधा, पण माडाखाली नको, नारळ पडून टप चेपतो. आंब्याची, फणसाची, सुरूची सावली चालेल. निघताना दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी.

पावसात समोरची काच धुरकट होते तेव्हा एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडा, पण तापमानाचा आकडा फार वाढवू नका. गरम हवा मागितली की ती देण्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागतं. ओल्या रस्त्यावर टायर पाणी कापत जातो, त्यामुळे जुलैचं ॲव्हरेज मार्चपेक्षा कमीच येणार. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर हायब्रिड असो की नसो, त्यात घालू नका.

आता एक गोष्ट, जी किनाऱ्यावरच्या हायब्रिडवाल्यांना मी कळकळीने सांगतो. तुम्ही वरचं सगळं नीट केलं तर ब्रेक पॅड फारच कमी वापरले जातील. हे चांगलंच. पण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यात न वापरलेली डिस्क गंजते आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम होतात. मग एखाद्या चाकाचा पॅड डिस्कला कायम घासत राहतो. चालवताना कळतही नाही, ॲव्हरेज मात्र उतरतं. म्हणून आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसताना, मोकळ्या सरळ रस्त्यावर दोन-तीनदा जरा जोरात ब्रेक मारा. पावसाळ्याआधी आणि नंतर कॅलिपर उघडून पिना साफ करून ग्रीस लावून घ्या. शंका आली तर बराच वेळ सपाटीवर चालवून, ब्रेक फारसा न लावता थांबा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन ऊब तपासा; डिस्कला किंवा रिमला स्पर्श करू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर गॅरेज गाठा.

गावच्या घरी गाडी महिनोन् महिने उभी ठेवणाऱ्या चाकरमान्यांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं. त्यांची १२ व्होल्टची छोटी बॅटरीही उतरते, तेव्हा घरच्या कोणाला तरी आठवड्याला एकदा गाडी फिरवून आणायला सांगा.

हिशोब कसा ठेवायचा

पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो बहुधा थोडा उदार असतो. एकाच पंपावर टाकी भरा, नळी पहिल्यांदा कट झाली की थांबा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी तिथेच पुन्हा कटपर्यंत भरा, आणि चाललेले किलोमीटर भरलेल्या लिटरनी भागा. एका टाकीवरून काही ठरवू नका. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या आणि वहीत बाजूला लिहा: किती माणसं, कोणता रस्ता, पाऊस होता की नाही.

कंपनीचा प्रमाणित आकडा, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड ग्रँड विटारा किंवा हायरायडरचा लिटरला २७.९७ किलोमीटर, हा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा आहे. त्यात कुंभार्ली नाही आणि पाच माणसंही नाहीत. शिवाय पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा कमी ऊर्जा असते. म्हणून आपली तुलना त्या आकड्याशी करण्यापेक्षा आपल्याच वहीतल्या मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, त्याच रस्त्याशी करा. घाटातली टाकी आणि किनाऱ्यावरची टाकी वेगवेगळ्या पानांवर लिहा. दोन्ही एकत्र केल्या तर ब्रेकचा पाय सुधारला की नुसता रस्ता बदलला, ते कळणार नाही.